कॉईल बदलण्यापूर्वी

(मोटारगाड्यांच्या देखभालीसंबंधी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटात मध्येच बंद पडलेली मोटार हे दृश्य गोवा आणि बेळगाव यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्यांना नवे नाही. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या चढावर गाडी थांबते. चालक दोनचार वेळा सेल्फ मारून पाहतो. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. मग खाली उतरलेल्या मंडळींपैकी कोणी जाणकार पुढे होतो, बॉनेटखाली क्षणभर डोकावतो आणि निकाल देतो की, 'कॉईल गेली!' त्या शब्दावर दुसऱ्या दिवशी नवी कॉईल येते, बसविली जाते, आणि पुष्कळदा गाडी होती तशीच उभी राहते. मागाहून कंडेन्सर येतो, प्लग येतात, हल्लीच्या गाडीत थेट संगणकाच्या पेटीवरही संशय घेतला जातो. आणि अखेरीस कोठेतरी हिरवी बुरशी धरलेले एखादे टोक सापडते, जे घासून घट्ट करण्यास दहा मिनिटेसुद्धा लागली नसती. भाड्याच्या गाडीवर ज्याचे पोट आहे त्याचा आठवड्याचा धंदा तेवढ्यात बुडालेला असतो. शाळेच्या मुलांची व्हॅन असली तर त्या दिवसांचे वर्ग चुकतात. रात्रीच्या वेळी अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणारी गाडी असली तर नुकसानीचा हिशेब रुपयांत करता येत नाही.

कॉईल हा इंजिनाचा असा एक भाग आहे की, जो दिसण्यात साधा आहे, महाग आहे आणि ज्याच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे जाते. वास्तविक कॉईलच्या मंडलातील दोष शोधण्याची रीत अगदी सरळ असून तिला एक व्होल्टमीटर, किंवा तोही नसल्यास १२ व्होल्टचा एक लहान दिवा व दोन तारा, एवढी सामग्री पुरते. मात्र तपासणी बॅटरीपासून निघून तारेच्या वाटेने टप्प्याटप्प्याने करावी लागते. मधला टप्पा गाळून भागत नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. तेथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. म्हणून पुढील विवेचन पेट्रोलवर, तसेच सी.एन.जी.वर चालणाऱ्या गाड्यांपुरते आहे.

कॉईल म्हणजे एक लहानसे रोहित्रच होय. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, सुमारे दोनतीनशे वेढ्यांचे; दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, वीस हजारांच्या आसपास वेढ्यांचे. बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहू लागला म्हणजे गाभ्यात चुंबकत्व भरते. प्रवाह एकाएकी तोडला की ते चुंबकत्व कोसळते आणि कोसळताना बारीक वेटोळ्यात वीस हजार व्होल्टच्या घरातील दाब उत्पन्न करते. हाच दाब प्लगच्या फटीतून उडी घेतो. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, ठिणगी प्रवाह तुटण्याच्या क्षणी पडते, जोडण्याच्या क्षणी नाही. शेतावरच्या पंपाचा व्हॉल्व्ह झटक्याने बंद केला असता पाइपाला जो हिसका बसतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. वाहत्या पाण्याला अंगचा जोर असतो, तसाच वाहत्या विजेलाही वेटोळ्यात असतो. वाट अडली की तो जोर उसळतो.

या तत्त्वाचा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली इंग्लंडमध्ये लावला. पाच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडातील मेनूथ येथील धर्मगुरू व प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी दोन वेटोळ्यांची कॉईल तयार केली. त्या वेळी मोटारगाडी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. मोटारीसाठी बॅटरी, कॉईल आणि प्रवाह तोडणारे पॉइंट यांची सुटसुटीत जुळणी अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी केली व १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती बसविण्यात आली. हे केटरिंग अभियंता होण्यापूर्वी खेड्यातील शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट उपस्थित शिक्षकवर्गास आवडण्याजोगी आहे. त्यांची ती जुळणी पुढे साठसत्तर वर्षे जगभर चालली. आपल्याकडील अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या याच पद्धतीवर धावल्या. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. तथापि जुन्या जीपा आणि हौसेने सांभाळलेल्या गाड्या अद्याप ठिकठिकाणी आहेत. दोष शोधण्याची रीत शिकण्यास जुनी गाडीच अधिक चांगली, कारण तिच्यात सर्व मंडल उघड्यावर असते. नव्या गाडीत तेच झाकलेले असते.

जुन्या गाडीत प्रवाहाची वाट पुढीलप्रमाणे असते. बॅटरीच्या अधिक टोकाकडून प्रवाह चावीपर्यंत येतो. तेथून काही गाड्यांत बॅलास्ट नावाच्या रोधक तारेमधून कॉईलच्या अधिक टोकावर जातो. जाड वेटोळे ओलांडून उणे टोकावर येतो. तेथून एका बारीक तारेने डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटपर्यंत पोचतो. आणि पॉइंट मिटलेले असतील तर इंजिनाच्या लोखंडातून, जाड विणलेल्या पट्टीने, बॅटरीच्या उणे टोकाकडे परततो. या परतीच्या वाटेकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. इंजिन रबरी ठोकळ्यांवर बसलेले असल्यामुळे ती पट्टी तुटली किंवा गंजली तर इंजिन विजेच्या दृष्टीने बॅटरीपासून वेगळे पडते, आणि मग पुढची सारी सामग्री नवी असूनही उपयोग नसतो.

पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. उसळलेला प्रवाह तो क्षणभर पोटात घेतो. कंडेन्सर बिघडला तर पॉइंट काळे पडून जळतात व प्लगची ठिणगी फिकी होते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३,००० फेऱ्या घेत असेल तर दर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग येतो, आणि त्यातलाही साधारण दोनतृतीयांश वेळच कॉईलला चुंबकत्व भरून घेण्यास मिळतो. एवढ्या घाईच्या कामात वाटेवर अर्धा व्होल्ट जरी वाया गेला तरी त्याचा परिणाम ठिणगीवर होतो. संथ चालताना गाडी ठीक वाटते आणि चढावर भार पडताच मिसिंग करू लागते.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळता येईल. गाडी सुरू होत नसेल तर प्रथम प्रश्न असा की, उणीव पेट्रोलची आहे की ठिणगीची? डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपच्या मध्यभागी येणारी जाड तार कॅपमधून उपसावी. तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडापासून सुमारे ६ मिलिमीटर अंतरावर, चांगल्या रबरी मुठीच्या पकडीने धरावे आणि दुसऱ्याने चावी लावून सेल्फ मारावा. गाडी न्यूट्रलमध्ये व हातब्रेक ओढलेला असावा. जवळपास पेट्रोल सांडलेले किंवा ठिबकत असता कामा नये. कार्बोरेटरपासून हे टोक दूर ठेवावे. पंख्याच्या पट्ट्यात जाईल असा सैल पंचा, ओढणी किंवा पदर अंगावर असू नये. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने या कामात हात घालू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे.

निळसर पांढरी, टच् टच् आवाज करणारी ठिणगी नियमाने पडत असेल, तर कॉईल व तिच्या अलीकडील सर्व मंडल बहुतेक निर्दोष आहे असे समजावे. दोष पुढे आहे: रोटर तडकला असेल, कॅपच्या मध्यातील कोळशाची कांडी झिजली असेल, प्लगच्या तारा फुटल्या असतील, प्लग काजळले असतील, किंवा मुळात पेट्रोलच येत नसेल. ठिणगी पडत नसेल, अथवा पिवळसर आणि मरतुकडी पडत असेल, तर दोष अलीकडे आहे. येथेच घाईची मंडळी कॉईल सोडू लागतात. वस्तुतः खरी तपासणी येथून सुरू व्हावयाची असते.

व्होल्टमीटरचे काळे टोक इंजिनाच्या लोखंडाला लावून लाल टोकाने एकेक ठाणे पाहावे. प्रथम बॅटरीच. पूर्ण भरलेली व विश्रांती घेतलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती सेल्फ मारताना ९ च्याही खाली कोसळत असेल तर ठिणगीचा विचार नंतर करावा. त्यानंतर चावी चालू करून कॉईलचे अधिक टोक. पॉइंट उघडलेले असताना येथे बॅटरीइतका दाब दिसला पाहिजे. मुळीच दिसत नसेल तर वाट चावीपाशी, फ्यूज असल्यास तेथे, बॅलास्टमध्ये किंवा मधल्या तारेत तुटलेली आहे. कॉईलचा यात काही संबंध नाही. दाब दिसतो म्हणून मात्र वाट पूर्ण चांगली असे मानू नये. पॉइंट मिटवून, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह वाहत असताना, पुन्हा पाहावे. बॅलास्ट नसलेल्या गाडीत बॅटरी आणि हे टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडत असेल तर चावीचे आतील टोक किंवा एखादा सांधा प्रवाह खात आहे. रिकाम्या नळात दाब दिसतो. तोटी उघडल्यावरच नळ गंजला आहे की नाही ते कळते.

मग कॉईलचे उणे टोक पाहावे. हे ठाणे सर्वांत बोलके आहे. पॉइंट उघडे असताना येथेही बॅटरीचा पूर्ण दाब यावा आणि मिटले की तो जवळजवळ शून्यावर यावा. इंजिन हाताने सावकाश फिरविले तर काटा वरखाली होताना दिसतो, किंवा तपासदिवा उजळतो व विझतो. पॉइंट मिटूनही दाब तसाच राहत असेल तर पॉइंटवर तेल किंवा काजळी आहे, नाहीतर डिस्ट्रिब्यूटरच्या आतली परतीची तार तुटली आहे. बारीक पॉलिश पेपराने पॉइंट घासून आणि स्वच्छ फडक्याने पुसून बहुधा भागते. फटीचे माप गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अँबेसेडरसारख्या गाड्यांत ते ०.३६ ते ०.४१ मिलिमीटर होते.

याउलट, पॉइंट उघडे असूनही उणे टोकावर दाब शून्यच असेल तर दोन शक्यता उरतात. एक तर कॉईलचे जाड वेटोळे आतून तुटलेले आहे, नाहीतर डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक तार किंवा कंडेन्सर कोठेतरी लोखंडाला भिडून प्रवाह मधल्यामध्ये पळवीत आहे. यांचा निवाडा क्षणात होतो. ती बारीक तार कॉईलपासून सोडवावी. आता उणे टोकावर दाब आला तर कॉईलचे वेटोळे शाबूत असून चोर डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे. तरीही आला नाही तर वेटोळे तुटले, हे सिद्ध झाले. कॉईल दोषी ठरविण्याचा पहिला खरा पुरावा हा. तोवर ती बदलण्याला आधार नव्हता.

बारीक वेटोळ्याची परीक्षा ओहममीटरने करतात. कॉईलच्या सर्व तारा सोडवून, अधिक व उणे टोकांमध्ये साध्या कॉईलला सुमारे ३ ओहम आणि बॅलास्टच्या कॉईलला सुमारे दीड ओहम रोध आढळतो. मधल्या जाड तारेच्या खोबणीपासून अधिक टोकापर्यंत तो बहुतेक जुन्या कॉईलींत ५,००० ते १५,००० ओहमच्या दरम्यान असतो. मात्र ओहममीटरच्या साक्षीला एक मर्यादा आहे. त्याची आतली बॅटरी फार थोड्या व्होल्टची असते. वेटोळ्यावरील वार्निश वीस हजार व्होल्टच्या दाबाला फुटते की नाही, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून रोध चुकीचा निघाला तर कॉईल वाईट हे निश्चित, पण रोध बरोबर निघाला म्हणून ती चांगली, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. अलीकडची सर्व वाट चोख असून, कंडेन्सर बदलून पाहूनही ठिणगी मरतुकडीच राहिली, तर कॉईल बदलणे रास्त ठरते.

बॅलास्टसंबंधी विशेष सांगावयास हवे, कारण त्याच्यावरून फसगत फार होते. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब उतरतो, तेव्हा ठिणगी दुबळी पडू नये म्हणून अशा गाड्यांत कॉईल कमी दाबावर चालणारी घेतात. सेल्फच्या वेळी तिला बॅटरीचा थेट दाब मिळतो आणि चावी सोडल्यावर बॅलास्टमधून मोजका मिळतो. बॅलास्टची तार तुटली तर गाडी सेल्फबरोबर पेट घेते आणि चावी सोडताच मरते. हे लक्षण इतके ठळक आहे की, गाडी न पाहता केवळ ऐकूनही ओळखता यावे. बॅलास्टची कॉईल साध्या गाडीला लावली तर तिच्यातून दुप्पट प्रवाह जातो, ती तापते, पॉइंट जळतात आणि थोड्याच दिवसांत 'नवी कॉईलसुद्धा गेली' असे ऐकू येते. नवी कॉईल घेताना जुनीवरचा मजकूर वाचून तीच जात मागावी. अधिक-उणे टोकांच्या तारा उलट बसविल्या तरी गाडी चालते, परंतु ठिणगीला अधिक दाब लागून ती अशक्त होते. पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षे तशाच चालविल्या गेल्या आहेत.

तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर मुकाट्याने सुरू होणारी गाडी हा आणखी एक त्रास. कॉईलमधील तार उष्णतेने प्रसरण पावून एखाद्या ठिकाणी सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते, असे घडू शकते. पण घाटाच्या चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला तरी लक्षण नेमके हेच दिसते. पूर्वी चालक पंपावर ओले फडके ठेवीत, ते यासाठीच. गाडी बंद पडलेली असतानाच, निवू न देता, जाड तारेची ठिणगी पाहणे हा या दोहोंतला फरक करण्याचा खात्रीचा उपाय. ठिणगी असेल तर फडके ओले करावे. नसेल तर मीटर काढावा. अर्धा तास वाट पाहून गाडी सुरू करून घरी आणली की पुरावा नाहीसा झालेला असतो.

कोकणपट्टीतील व गोव्यातील पावसाळा आणि खारी हवा हे तर ठिणगीचे कायमचे वैरी. कॅपच्या आत दमटपणा बसला की उच्च दाबाची वीज प्लगपर्यंत न जाता ओल्या पृष्ठभागावरून लोखंडाकडे पळते, आणि ज्या रेषेने ती पळते तेथे कोळशाची बारीक काळी वाट कोरली जाते. ती एकदा पडली की पुसून जात नाही. कॅपच बदलावी लागते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले असता तारांवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तर तारांचे वेष्टन संपले आहे असे समजावे. त्यांना हात लावू नये. किनाऱ्याकडील गाड्यांची टोके हिरवी पडतात, तीही वर्षातून एकदा, मिरगापूर्वी, काढून घासून थोडे ग्रीस लावून बसविली तर पावसाळ्यातील निम्मी तक्रार उद्भवतच नाही.

आता आजच्या गाड्यांविषयी. पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, डिस्ट्रिब्यूटर गेला, आणि प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर एकेक छोटी कॉईल बसली. प्रवाह केव्हा जोडावा व तोडावा हे संगणक ठरवितो, ज्याला कारागीर ईसीएम म्हणतात. भारत स्टेज ६ चे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. अशा गाड्यांत संगणक इंजिनावर सतत देखरेख ठेवतो, बिघाड दिसला की समोरचा पिवळा दिवा लावतो आणि एक सांकेतिक क्रमांक नोंदवितो. लहान गॅरेजमध्येही तो वाचण्याचे यंत्र हल्ली असते. आणि जुन्या काळी घाटातला जाणकार जी चूक करी, तीच आता यंत्र हाती असलेला कारागीर करू लागला आहे. यंत्रावर 'पी ०३५२' असे उमटले की दुसऱ्या सिलिंडरची कॉईल काढून फेकली जाते.

त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच की, दुसऱ्या कॉईलच्या मंडलात संगणकाला काही विपरीत आढळले. मंडलात कॉईल आहे, तशीच तार आहे, जोडणीचे टोपण आहे, पुरवठा आहे, अर्थ आहे आणि खुद्द संगणकातील ट्रान्झिस्टरही आहे. 'पी ०३०२' हा क्रमांक त्याहून सैल आहे. दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते, एवढेच तो सांगतो. ते प्लगमुळे चुकत असेल, इंजेक्टरमुळे चुकत असेल किंवा व्हॉल्व्ह बसत नसल्याने दाब कमी पडूनही चुकत असेल.

यावरची सोपी तोड म्हणजे अदलाबदल. चावी बंद करून दुसरी व तिसरी कॉईल आपसांत बदलावी, जुनी नोंद पुसावी आणि गाडी चालवून पाहावी. तक्रार कॉईलबरोबर तिसऱ्या सिलिंडरवर गेली तर कॉईल दोषी. ती दुसऱ्यावरच राहिली तर कॉईल निर्दोष असून तार, टोपण किंवा पुढील भाग तपासावा. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही. चारी सिलिंडरांची ठिणगी एकदम बंद असेल तर मात्र अदलाबदल करीत बसू नये. चार कॉईली एकाच सकाळी जळाल्या असे सहसा घडत नाही. तेथे सामाईक फ्यूज, रिले, सामाईक अर्थ किंवा इंजिनाची फेरी मोजणारा सेन्सर पाहावा.

टोपण काढून तारांवर मीटर लावताना रीत जुन्या गाडीचीच: चावी चालू असता पुरवठ्याच्या तारेवर बॅटरीचा दाब आहे का, अर्थची तार खरोखर अर्थला मिळते का, आणि संगणकाकडून येणारा इशारा पोचतो का. पहिल्या दोन ठाण्यांना दिवा चालतो. इशाऱ्याच्या तारेला मात्र तारेचा दिवा कधीही लावू नये. तो ओढतो तेवढा प्रवाह देण्याची त्या तारेची योग्यता नसते आणि संगणकाला इजा पोचू शकते. तेथे ऑसिलोस्कोप किंवा त्यासाठीचे एल.ई.डी.चे तपासणीयंत्र वापरावे. तीन-चार तारांच्या कॉईलमध्ये ट्रान्झिस्टर आतच असतो. तिच्या जाड वेटोळ्याचा रोध ओहममीटरने मोजून काही कळत नाही. इंजिन चालू असताना प्लगवरची कॉईल किंवा तार उपसून ठिणगी पाहण्याची जुनी सवय तर नव्या गाडीत सोडलीच पाहिजे. वाट न मिळालेला उच्च दाब कॉईलचे वेष्टन फोडतो, ट्रान्झिस्टर मारतो, आणि हाताला बसणारा धक्काही जुन्या गाडीपेक्षा जबर असतो.

कॉईल खरोखर जळाल्याचे सिद्ध झाले तरी ती का जळाली हे पाहिल्यावाचून नवी बसवू नये. प्लग झिजून त्याची फट वाढली की उडी लांबते, लांब उडीला अधिक दाब लागतो, आणि तो ताण रात्रंदिवस कॉईल सोसते. टॅपेट-झाकणाचे गॅस्केट गळून प्लगच्या विहिरीत तेल साचले की कॉईलची रबरी टोपी फुगते व वीज बाजूने पळते. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर तारा कुरतडतात. वरून वेष्टन धड दिसते आणि खालच्या बाजूने तांबे उघडे असते. इंजिन चालू ठेवून तारांचा जुडगा टोपणापासून दूर, कोरड्या हाताने हलकेच हलविला आणि मिसिंग सुरू झाले किंवा थांबले, तर जागा सापडली.

पिवळा दिवा नुसता जळत असला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल त्या वेळी धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असते. तो लालबुंद होऊन निकामी होतो, आणि त्याची किंमत कॉईलच्या कितीतरी पट असते. वाळलेल्या गवतावर अशी गाडी उभी करणे धोक्याचे आहे. मुलांच्या व्हॅनच्या चालकांना ही एवढी गोष्ट तरी शाळांनी समजावून द्यावी.

शाळेत विज्ञानाच्या तासाला यातील मूळ तत्त्व दाखविण्यासाठी मोटारीची कॉईल आणू नये. तिचा धक्का मुलांच्या हाताशी असावा असा नाही. एका लोखंडी खिळ्यावर वेष्टित तारेची दोन वेटोळी गुंडाळून एकाला टॉर्चचा सेल व दुसऱ्याला गॅल्व्हानोमीटर जोडला तरी पुरे. सेल जोडताना काटा एकीकडे हलतो, जोडून ठेवल्यावर शून्यावर येऊन स्वस्थ बसतो, आणि तोडताना दुसरीकडे हलतो. प्रवाह वाहत असूनही मधल्या काळात काटा का हलत नाही, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

सरकारी गॅरेजांतील कामाच्या कार्डावर 'कॉईल बदलली' एवढाच शेरा पुष्कळदा आढळतो. त्याऐवजी बॅटरीचा दाब, कॉईलच्या अधिक टोकावरचा दाब व उणे टोकावरचा दाब, पॉइंट मिटलेले आणि उघडलेले असताना, असे आकडे लिहावेत. नव्या गाडीत यंत्रावरचा क्रमांक व अदलाबदलीचा निकाल लिहावा. काढलेली कॉईल त्या कार्डाचा क्रमांक बांधून महिनाभर भांडारात ठेवावी. तीच तक्रार घेऊन गाडी परत आली तर जुनी कॉईल पुन्हा बसवून पाहता येते, आणि मध्यंतरी कारागिराची बदली झालेली असली तरी त्याच्या जागी आलेल्यास काम बॅटरीपासून पुन्हा सुरू करावे लागत नाही.